डेल्फ्ट-थ्रीडी 4: पाण्याला पैकीच्या पैकी, चिखलाला हात राखून

कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी गाळ किती बसेल, बोटींची वाट कितीदा उपसावी लागेल, हे काढून देणं माझं पोटापाण्याचं काम. त्यासाठी वापरतो ते नेदरलँड्सच्या डेल्टारेस संस्थेचं डेल्फ्ट-थ्रीडी 4, म्हणजे पाण्याचा प्रवाह आणि गाळाची हालचाल संगणकावर मांडणारं सॉफ्टवेअर. याचा सोर्स कोड 2011 पासून खुला आहे. पैसे पडत नाहीत, पण तो कंपाइल करायची, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायची कटकट आपली आपण निस्तरायची.

भरती-ओहोटी झकास जमते. लाटांसाठी स्वॉन हे मॉडेल जोडता येतं आणि खरी गंमत तिथेच आहे. लाट तळ ढवळते, प्रवाह तो माल उचलून नेतो. दोघांचा मिळून तळावर येणारा ताण नुसत्या बेरजेने निघत नाही, आणि हे त्याला कळतं. पुळणीच्या वाळूसाठी डच संशोधक व्हान राइन यांची वाळू वाहण्याची सूत्रं आत आहेत. कणांचा आकार मोजून दिलात तर उत्तर पटण्याजोगं येतं.

चिखलाची गोष्ट निराळी. दुसऱ्या कोणाचा अहवाल तपासायला आला की मी रंगीत नकाशे बाजूला सारून आधी गाळाचे आकडे भरलेली '.सेड' फाइल उघडतो. तळ सुटायचा ताण 0.5 न्यूटन प्रति चौरस मीटर, कण खाली बसायचा वेग सेकंदाला 0.25 मिलिमीटर. म्हणजे सॉफ्टवेअरने आपणहून भरलेले आकडे जसेच्या तसे! खाडीत नमुन्याची बाटली बुडवायला कोणी गेलेलंच नाही. या वेगाने कण एक मीटर खाली यायला तासाहून जास्त लागतो. तीन मीटर पाणी असेल तर तीन तासांहून जास्त, तेवढ्यात भरती उलटूही शकते. वेग दुप्पट धरा, गाळ भलतीकडेच बसलेला दिसेल. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गोळे होतात आणि लवकर बसतात; गोड्या-खाऱ्या पाण्याला वेगळे वेग देण्याची सोय आहे, ती वापरा की राव.

मॉरफॅकबद्दल थोडं. तळातला बदल ठरावीक पटीने फुगवून थोड्या दिवसांत वर्षांचा हिशेब उरकायचा, ही ती युक्ती. 14 दिवस गुणिले 100, म्हणजे जवळपास चार वर्षं. आपल्याकडे जून ते सप्टेंबरचा समुद्र आणि जानेवारीचा समुद्र यांचा काही संबंध नाही, तेव्हा दोन्ही एकाच पटीत कोंबू नका. मी पावसाळा वेगळा चालवतो.

पाण्याला 5 पैकी 5, वाळूला 4. चिखलाला नमुने हाती असतील तर 3, नसतील तर गुण देण्यासारखं काही नाही. हिशेबासाठी पाण्याचे तुकडे पाडणारी जाळी चौकोनीच, वाकवता येते पण खाडीच्या अरुंद फाट्यांत फार घरं वाया जातात. फाटे जास्त असतील तर सरळ त्यांचं नवं फ्लेक्सिबल मेशवालं घ्या. त्यात त्रिकोणही चालतात.