जुन्या वळणाचा हॉल: दसरा ते श्रावण, दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याला आम्ही जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा हॉल नव्याने मांडला. मला जुन्या वळणाच्या, जरा गमतीशीर वस्तूंचं वेड आहे. किटलीचा दिवा, चिमणीच्या आकाराच्या मुठी असलेले ड्रॉवर, वेताच्या जाळीच्या खुर्च्या, असं सगळं हळूहळू जमवलं. घेण्याआधी लोकांचे अनुभव पुष्कळ वाचले, पण बहुतेक सगळे वस्तू घरी आल्याच्या आठवड्यातच लिहिलेले. आपल्याकडचा ४३-४४ अंशांचा उन्हाळा काढल्यावर त्या वस्तूंचं काय होतं, ते कुठे सापडलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

खुर्च्यांबद्दल भरपूर बोलायचं आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांत असतात तशा, वाकवलेल्या लाकडाच्या. मूळ घडण व्हिएन्नातल्या मिखाएल थोनेटची, १८५९ सालची. लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं. सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, की खुर्ची उभी. आमच्या चारही खुर्च्या नव्या आहेत, पण जोडणी स्क्रूचीच आहे, आणि तिचं मोल मला एप्रिलमध्ये कळलं. कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं आणि दोन खुर्च्या बसल्या-उठल्या करकरू लागल्या. उलट्या केल्या, स्क्रू पिळले, पाच मिनिटांत आवाज बंद. मे महिन्यात बैठकीची जाळी मधोमध खोलगट झाली तेव्हा मात्र मी घाबरले. सासूबाईंनी उपाय सांगितला. खालच्या बाजूने ओल्या फडक्याने वेत चांगला भिजवायचा आणि कुणालाही बसू न देता सावलीत सुकू द्यायचा. सकाळी जाळी ताणून बसली होती. आता उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हे करायचं ठरलं आहे. चार हजार दोनशेला एक पडली; पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हीच घेईन.

कपाटाने मात्र दुःख दिलं. मोरपंखी निळा रंग, कडांना मुद्दाम घासून काढलेलं जुनेपण, नक्षीदार गोल पाय. दुकानात पाहताक्षणी मन गेलं. ‘आंब्याचं लाकूड’ असं सांगितलं होतं. दारं खरोखर लाकडाची निघाली, पण पाय आणि तळ एमडीएफचा. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी सगळं घर धुऊन-पुसून निघतं. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा संपता संपता, पायांच्या खालच्या कडा पोळीसारख्या फुगलेल्या दिसल्या आणि रंगाचे पोपडे निघाले. मिस्त्रींनी नख लावून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, हे लाकूड न्हाई, दाबलेला भुसा हाय. एकदा पाणी प्यायला की परत बसत नसतो.” वाईट वाटलं, कारण वरचा भाग खरंच देखणा आहे. शेवटी त्यांनी सागवानी पाय आणि नवा तळ करून दिला, पायांखाली रबराच्या टोप्या बसवल्या. दुरुस्तीला साडेतीन हजार लागले. तुम्ही घ्याल तेव्हा कपाट भिंतीपासून ओढून मागून, खालून बघाच. रंग न लागलेली एखादी कड सापडतेच, आणि तिथे लाकडाची रेघ नसेल तर आपल्या घरी ते टिकत नाही.

दाराच्या सशाच्या आकाराच्या कड्यांचाही असाच धडा मिळाला. पितळी म्हणून घेतल्या, सहा महिन्यांत मुलामा उडून आतलं लोखंड दिसू लागलं. आता कुठेही पितळ घेताना पर्समधलं छोटं चुंबक लावून पाहते. पितळाला चुंबक चिकटत नाही.

किटलीचा दिवा जेवणाच्या टेबलावर टांगला आहे आणि तो घरातला सगळ्यात लाडका आहे. त्यात तारेचा दिसणारा एलईडी बल्ब घातला, चार वॅटचा, पिवळसर उजेडाचा. उष्णता जवळजवळ नाही, त्यामुळे मे महिन्यातही त्याच्याखाली बसून जेवता आलं. धूळ मात्र किटलीच्या तोटीत साचते. दर रविवारी जुन्या टूथब्रशने काढावी लागते. शोभेचा ग्रामोफोन फक्त जागा अडवत होता, तो आम्ही माळ्यावर ठेवला.

आणि ज्या दोन वस्तूंसाठी दुकानात जावंच लागलं नाही, त्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. एक, आजेसासूबाईंच्या शिवणयंत्राचा बिडाचा स्टँड. वर शहाबादी फरशी टाकून त्याचं लिहायचं टेबल केलं. पायटा अजून हलतो, आणि अभ्यास करताना मुलीचा पाय सारखा त्याच्यावर असतो.

दुसरी वस्तू भिंतीवर आहे. पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात जुने जॅकार्डचे पत्ते भंगारात निघाले होते. जाड पुठ्ठ्याचे, भोकांचे, दोरीने एकमेकांना ओवलेले. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जे यंत्र सिद्ध केलं, त्यात नक्षी अशा पत्त्यांवर असते. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि एका पत्त्यावर आडव्या धाग्याची एक ओळ विणली जाते. तीस पत्त्यांची माळ आम्ही दिवाणामागे उभी टांगली आणि दिवाणावर मयूरपंखी चादर अंथरली. ज्या तऱ्हेच्या पत्त्यांतून ती नक्षी उतरते, ते पत्ते तिच्याच मागे. दुपारी पश्चिमेचं ऊन आलं की भोकांची सावली भिंतीवर सरकत जाते.

शेजारच्या आजोबांनी तीस वर्षं माग चालवला. एका संध्याकाळी चहाला आले तेव्हा मुलीने त्यांना विचारलं, “आजोबा, या पत्त्यांत कुठलं चित्र लपलंय?” त्यांनी चष्मा पुसला, बोटाने भोकं चाचपत चार-पाच पत्ते खाली सरकले आणि म्हणाले, “बाळ, एवढ्यात बोटभर कापड निघेल. मोराचा पायसुद्धा पुरा व्हायचा नाही.” पुरा मोर बघायचा तर सगळी माळ लागते, शेकडो पत्त्यांची. त्या कारखान्यात अजून एक पोतं शिल्लक आहे असं कळलंय, येत्या रविवारी आम्ही तिघं ते बघायला जाणार आहोत.