कवटी की कोबी? दोन स्टिल लाइफ, दोन तऱ्हा

बरोक (सतराव्या शतकाच्या आसपासची युरोपियन शैली) स्टिल लाइफ, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, म्हटलं की लोकांना आधी कवटीच आठवते, आणि त्यात पीटर क्लास या डच चित्रकाराचं १६२८चं चित्र म्हणजे अगदी टिपिकल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, छोटंसंच, साधारण २४ बाय ३६ सेंटीमीटर. दात पडलेली कवटी, लिहायचं पीस, विझत आलेली दिव्याची वात आणि आडवा पडलेला काचेचा ग्लास. सगळं करड्या-तपकिरी रंगात. अर्थ काय तर आयुष्य क्षणभंगुर, विद्या-बिद्या सगळी इथेच राहणार. पण खरं सांगू, मला त्या ग्लासवर पडलेलं खिडकीचं इवलंसं प्रतिबिंबच जास्त आवडतं, कवटी जरा ओरडून सांगते असं वाटतं.

आता त्याआधीचा स्पेनचा चित्रकार सांचेझ कोतान बघा, त्याचं साधारण १६०२चं चित्र, हे अमेरिकेत सॅन दिएगोच्या म्युझियममध्ये आहे. दगडी खिडकी, मागे मिट्ट काळोख, वर दोरीला लटकलेलं क्विन्स (सफरचंदासारखं फळ असतं), त्याखाली दोरीलाच कोबी, मग कापलेलं खरबूज, आणि काकडी तर कट्ट्यावरून पुढे आलीये, हात लावावासा वाटतो. भाज्या टिकाव्यात म्हणून तिथे अशा टांगायचेच, म्हणजे नाटक काहीच नाही, तरी त्या फळं-भाज्यांची खाली उतरत जाणारी वक्र रेघ बघताना आपण आपोआप गप्प होतो. १६०३ला हा माणूस मठात गेला, त्यामुळे लोक यात वैराग्य शोधतात, पण चित्रात तसं कुठे लिहिलेलं नाही.

चिन्हं वाचायची हौस असेल तर क्लास. मला विचाराल तर कोबी.