एलडीएल की एचडीएल: रिपोर्टमध्ये आधी काय बघाल?

कोलेस्टेरॉल एलडीएल आणि एचडीएल दोन्हींत एकच असतं बरं का, वेगळी असते ती त्याला वाहून नेणारी गाडी. एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’, उरलंसुरलं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतं. पुरुषांत 40 आणि स्त्रियांत 50 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेलं तर ते कमी मानतात. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, मात्र यकृताकडून शरीरभर जातं. जास्त झालं की धमनीच्या अस्तरात शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि तिथे थर साचतो. थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते. हार्ट अटॅक येतो तो बहुतेकदा असाच.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने एलडीएल उतरवलं की धोका घटतो. औषधाने एचडीएल वाढवून तसा फायदा चाचण्यांत दिसला नाही. म्हणून ‘चांगलं’ 60 आहे म्हणत 160 च्या ‘वाईटा’कडे काणाडोळा करणं मला पटत नाही.