४ नंबर आयर्न काढून हायब्रिड: एक पावसाळा उलटल्यावर

गोल्फमध्ये हायब्रिड (पातळ पात्याचं आयर्न आणि जाड डोक्याचं वुड यांच्या मधला क्लब) घेताना सगळे लॉफ्ट (पात्याचा तिरपेपणा) आणि अंतर बघतात. किनारपट्टीवर राहणाऱ्याने आधी शाफ्ट (दांडा) डोक्याला कसा जोडलाय ते बघावं. माझ्या २२ अंशांच्या ॲडजस्टेबल (स्क्रू सैल करून लॉफ्ट बदलता येतो अशा) हायब्रिडचा स्क्रू पावसाळा संपता संपता जाम झाला आणि कंपनीच्या सेवा केंद्राने 'गंज वॉरंटीत बसत नाही' म्हणून हात वर केले. त्यामुळे इथे स्क्रूला जरा जास्तच जागा मिळणार आहे.

क्लब म्हणून तक्रार नाही. पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच रुततो, रोल जवळपास शून्य, म्हणजे हवेतून जाईल तेवढंच अंतर आपलं. ४ नंबर आयर्नचा तळ अरुंद असतो. चेंडूच्या जरा मागे लागला की पातं चिखलात घुसलंच. हायब्रिडचा तळ रुंद, वजन खाली आणि मागे, त्यामुळे तसाच चुकलेला फटकाही निभावतो. खारघर व्हॅलीसारख्या डोंगराच्या कुशीतल्या कोर्सवर पाऊस सरल्यावर रफ (कडेचं वाढलेलं गवत) माजतो, तिथे तर फरक लगेच कळतो. आयर्नच्या मानेला गवत गुंडाळून पातं आत वळतं, हायब्रिड सरकत निघून जातं. गवत घोट्याच्या वर गेलं असेल तर मात्र दोन्ही विसरा, वेज (जास्त लॉफ्टचा आखूड क्लब) काढा आणि गुमान बाहेर या.

आपल्याला हायब्रिड लागतं का, हे ओळखायला सरावाच्या रेंजवर ४ आणि ५ नंबर आयर्नने दहा-दहा चेंडू मारा. हवेतल्या अंतरात पाच यार्डांचाही फरक पडत नसेल तर ४ नंबर बॅगेत नुसती जागा अडवतोय. चौदा क्लबांच्या मर्यादेत ही चैन परवडत नाही. 'हायब्रिड म्हणजे म्हाताऱ्यांची काठी' म्हणणाऱ्यांना २००९ ची पीजीए चॅम्पियनशिप आठवून द्यावी: अमेरिकेतल्या हेझल्टिन कोर्सच्या १८व्या होलवर कोरियाच्या वाय. ई. यांगने हायब्रिडनेच ग्रीन (होलभोवतीची कातरलेली हिरवळ) गाठलं आणि टायगर वुड्सला हरवलं.

तळावरच्या नंबरावर जाऊ नका. काढून टाकणाऱ्या आयर्नचा लॉफ्ट बघा. तो २१ अंश असेल तर हायब्रिड २२ चं घ्या. तेवढ्याच लॉफ्टचं घेतलं तर लांब शाफ्टमुळे चेंडू जास्त पुढे जातो आणि ५ नंबरशी मधलं अंतर उगाच वाढतं.

आता हूक. सुरुवातीला मत असं झालं होतं की हायब्रिड उजव्या हाताच्या खेळाडूला डावीकडे ओढणारच, म्हणून ॲडजस्टेबल स्लीव्हचे (शाफ्टच्या टोकाच्या, स्क्रूने बसणाऱ्या नळीचे) जादा पैसे वसूल. आता तसं वाटत नाही. लॉफ्ट कमी केला की फेस (चेंडूला लागणारी बाजू) उजवीकडे उघडतो आणि हूक आटोक्यात येतो, हे खरं. पण चेंडूही खाली उडतो, मग आयर्न काय वाईट होतं? खरं दुखणं शाफ्टचं. आयर्नचा स्टील शाफ्ट शंभर ग्रॅमच्या वर, हायब्रिडचा ग्रॅफाइट साठ-पासष्टचा आणि वर इंचभर लांब. हात आपसूक लवकर वळतात. ऐंशी ग्रॅमच्या आसपासचा शाफ्ट घेतला, ग्रिपच्या बाजूने अर्धा इंच कापला की निम्मं काम होतं. अर्ध्या इंचाला स्विंगवेट (क्लब फिरवताना जाणवणारं डोक्याचं वजन) साधारण तीन पॉइंटांनी उतरतं. ते भरून काढायला डोक्याला सहा ग्रॅम लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लावा.

एप्रिल-मेमध्ये गणित उलटतं. जांभ्याची जमीन तापून टणक होते, रुंद तळ आपटून उसळतो आणि चेंडूच्या डोक्यावर लागतो. चेंडू फेअरवे वुडपेक्षा एक चेंडूभर मागे ठेवा, आयर्नसारखा वरून खाली मारा, झाडू फिरवल्यासारखा नको. दुपारचा समुद्रावरचा वारा समोरून असेल तर उंच उडालेला चेंडू तिथेच लटकतो. तेवढ्यासाठी ग्रिप दोन बोटं खाली धरून अर्धा स्विंग.

तर स्क्रू. स्लीव्ह ॲल्युमिनियमची, स्क्रू स्टीलचा, मध्ये खारी ओल: दोन धातूंची गाठ पडली की ॲल्युमिनियम खायला सुरुवात. बाहेरून काही दिसत नाही, उघडल्यावर आट्यांत पांढरी भुकटी निघते. सगळ्यात मोठा शत्रू ओलं हेडकव्हर. पावसात खेळून ते तसंच चढवून ठेवलं की मानेशी आठवडाभर दमट पोटीस बांधल्यासारखं होतं. हेडकव्हर वेगळं वाळवा, क्लब उघडा ठेवा, पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा स्क्रू पूर्ण काढून आटे आणि स्लीव्ह सुक्या फडक्याने पुसा. परत लावताना कंपनीचाच टॉर्क पाना वापरा, टक वाजला की थांबा. स्क्रू जाम झालाच तर टी२५ पान्याचं चांदणीच्या आकाराचं टोक जबरदस्तीने फिरवू नका, खाच गोल झाली की संपलं. गंजावरचं तेल दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. हीट गन तर अजिबात नको, स्लीव्हमधलं इपॉक्सी सुटतं. त्याच कारणाने बॅग उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नये. शाफ्टवरची काळी फेरूल (जोडावरची प्लास्टिकची कडी) वर सरकलेली दिसली तर आधी जोड तपासा, मगच मारा.

शिवाय गोल्फच्या नियम ४ प्रमाणे राउंड चालू असताना सेटिंग मुद्दाम बदलता येत नाही. एकदा लावलेलं सेटिंग वर्षभर तसंच राहणार असेल, तर अलिबाग-मुरूडच्या खाऱ्या हवेत हा स्क्रू सांभाळायचा कशाला? ३ नंबरच्या जागी घ्यायचं हायब्रिड चिकटवलेल्या होझलचं (शाफ्ट डोक्याच्या मानेत कायमचा चिकटवलेलं, स्क्रू नसलेलं), १९ अंशांचं, मागच्या वर्षीचं मॉडेल बघतोय. वाचलेल्या पैशांत शाफ्ट बदलून होतो.