‘कलमी’ मँगोस्टीन, चार वर्षांनी

तारे: पाचपैकी तीन

चार वर्षांपूर्वी एका ऑनलाइन रोपवाटिकेतून मँगोस्टीन हे फळझाड मागवलं. पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवर छापलं होतं: ‘कलमी. तिसऱ्या वर्षी फळं.’ चौथं सरलं, झाड अजून माझ्या कमरेलाही लागत नाही. तरी तीन तारे देतेय.

पॅकिंगला नाव ठेवायला जागा नाही. पिशवीच्या तोंडाशी ओलं मॉस, खोडाला काडी, काडी खोक्याला चिकटवलेली. पाच दिवसांच्या प्रवासातून सहाही पानं शाबूत आली.

मग मी खोडावरून बोट फिरवलं. कलम असेल तर जोड हाताला लागतो. तिथे तिरका वण असतो, खालचा खुंट आणि वरची काडी यांच्या जाडीत नाहीतर सालीत थोडा फरक दिसतो. इथे मातीपासून शेंड्यापर्यंत सगळं गुळगुळीत. फोन केला. ‘मॅडम, जोड भरून आलाय.’ ‘अहो, इतका भरून आला की दिसतच नाही?’ यावर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कुपन आलं. त्याची मुदत पंधरा दिवस होती.

खरं सांगायचं तर मँगोस्टीनच्या बाबतीत ही थाप निम्मीच लागते. हापूसची बाठ रुजवली तर झाड आईवर जाईल याचा भरवसा नाही. मँगोस्टीनचं जे ‘बी’ म्हणतो ते परागीभवनाशिवाय, आईच्याच पेशींतून तयार होतं. म्हणून रोप जवळजवळ आईची नक्कल निघतं. याचा भाऊबंद कोकम. त्याची रोपं लावली तर त्यात नर झाडंही निघतात आणि ते कळायला फूल येईपर्यंत थांबावं लागतं. इथे ती धास्ती नाही. म्हणजे फळ तेच येणार, फसवलं ते मुदतीत. बियांच्या रोपाला पहिलं फळ धरायला सात ते दहा वर्षं सहज लागतात, कधी त्याहून जास्त. कलमाला लवकर लागतं, पण झाड खुजं राहतं. चिठ्ठीवर नुसतं ‘रोप’ लिहिलं असतं तरी मी घेतलंच असतं!

माझा राग आहे तो पिशवीवर. मँगोस्टीन सोटमुळावर जगतं. आडवी मुळं थोडी, बारीक तंतू जवळपास नाहीतच, त्यामुळे मुळाला धक्का लागला की रोप रुसतं. अशा रोपाला उंच, निमुळती पिशवी हवी. मला आली ती जेमतेम वीतभर. कापून बघते तर तळाशी सोटमुळाचे दोन वेढे. सरळ करायला गेले आणि टोक कट्‌कन मोडलं, पिवळा चीक आला. चूक माझीही आहे, आहे तसं लावायला हवं होतं. पुढचे सात महिने एक पान हललं नाही. रोज शेंड्याकडे बघायचे. तो नुसता हिरवा, टोकदार आणि बंद.

सोबतच्या कागदावर ‘भरपूर ऊन द्या’ असंही आहे. ते वाचून आठ दिवस उन्हात ठेवलं आणि वरची पानांची जोडी तपकिरी होऊन करपली. हे मूळचं दाट रानातल्या सावलीचं झाड. पहिली दोन-चार वर्षं त्याला अर्धी सावली लागते, पुढे ऊन चालतं. पन्नास टक्के शेडनेटखाली हलवल्यावर तिथेच रमलं. पानांची टोकं मात्र जळतच होती. ते पाण्यातल्या क्षारांमुळे, बोअरचं पाणी घालत होते ना! पावसाचं साठवून घालायला लागल्यावर नवी पानं टोकापर्यंत हिरवी आली. माती कायम ओलसर ठेवते, पण कुंडीत पाणी साचू देत नाही, वर सुक्या पाल्याचं आच्छादन. खत म्हणाल तर पावसाळ्याच्या आधी नि नंतर मूठभर गांडूळखत, बस.

पानं जोडीनेच येतात, एकमेकांसमोर. पहिल्या वर्षी एक जोडी, दुसऱ्या वर्षी तीन. गेल्या वर्षी पाच आल्या तेव्हा घरात मी सोडून कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

मागवणार असाल तर आधी दोन फोटो मागा: खोडाचा बुंध्यापासूनचा, आणि पिशवीचा शेजारी मोजपट्टी धरून. जोड दिसत नसेल तर रोप समजूनच घ्या. पिशवी फूटभर खोल नसेल तर घेऊच नका.

गेल्या पंधरवड्यात पानांच्या बगलेतून दोन डोळे फुटलेत, समोरासमोर. पहिल्या फांद्या. रोपवाटिकेच्या पानावर अजून ‘तिसऱ्या वर्षी फळं’च आहे.