आतून सोनोग्राफी की पिपेल बायॉप्सी? लिंचवालीचा हिशेब

लिंच सिंड्रोमचा रिपोर्ट आला तेव्हा मी 31 वर्षांची होते. लिंच म्हणजे घराण्यातून येणारा जनुकातला बिघाड, त्याने आतड्याचा आणि गर्भपिशवीचा कॅन्सर होण्याचा धोका बराच वाढतो. माझं बिघडलेलं जनुक एमएसएच2. आई गर्भपिशवीच्या कॅन्सरने गेली, मामा आतड्याच्या, त्यामुळे अगदी आभाळ कोसळलं असं नाही. पिशवी काढणं हा पक्का उपाय, हे तुम्हालाही सांगितलं असेलच. 2006 साली अमेरिकेत छापून आलेल्या अभ्यासात पिशवी काढलेल्या 61 जणींपैकी एकीलाही हा कॅन्सर झाला नाही, न काढलेल्या 210 पैकी 69 जणींना झाला. पण मला मूल व्हायचं आहे. तोवर लक्ष ठेवायचं, आणि ते कशाने, एवढाच प्रश्न.

पहिली दोन वर्षं मी आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी केली. दुखत नाही, दहा मिनिटांत मोकळं, शिवाय अंडाशयंही दिसतात. लिंचमध्ये धोका त्यांनाही असतोच, तेव्हा ही बाजू कमी लेखू नये.

पण ती पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी! पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईचं अस्तर 4 मिमीच्या वर गेलं तर डॉक्टर कान टवकारतात. आपलं अस्तर मात्र पाळी संपताना 3-4 मिमी असतं आणि पुढच्या पाळीच्या आधी 15-16 पर्यंत सहज चढतं. म्हणजे मोजायचं तेच महिनाभर हलतंय. मला तारीख मिळाली ती नेमकी विसाव्या दिवसाची. रिपोर्टात 13 मिमी, आणि खाली ते ठरलेलं वाक्य: ‘क्लिनिकल कोरिलेशन करावे,’ म्हणजे बाकीच्या लक्षणांशी ताडून बघा. डॉक्टर हसून म्हणाल्या, काही नाही, पाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी परत करून या. मधले सोळा दिवस मी माळ्यावरून आईची फाइल काढून वाचत होते. दुसऱ्या खेपेला 5 मिमी निघाली. पुढच्या वर्षी पुन्हा हेच, आकडे तेवढे वेगळे. नवरा म्हणाला, तू कॅन्सर शोधते आहेस की कॅलेंडर?

तिथे माझं मन उठलं.

पिपेल म्हणजे साधारण 3 मिमीची मऊ प्लास्टिकची नळी. आत सरकवतात, दट्ट्या ओढला की अस्तराचे कण नळीत येतात. ओपीडीतच होतं, भूल लागत नाही. जाण्याआधी युरिन टेस्ट करून गरोदर नसल्याची खात्री करावी लागते. दुखतं का? दुखतं. पाळीची सगळ्यात वाईट कळ अर्ध्या मिनिटात कोंबल्यासारखी. काहींना यापेक्षा बरंच जास्त दुखतं, काहींना जाणवतही नाही. पण रिपोर्ट मिलिमीटरमध्ये येत नाही, शब्दांत येतो: ‘प्रोलिफरेटिव्ह एंडोमेट्रियम, अटिपिया नाही.’ म्हणजे अस्तर पाळीनंतर नेहमीसारखं वाढतंय, पेशींत संशयास्पद बदल नाहीत. ते वाचून मी त्या रात्री झोपले.

उणं आहेच. नळी अस्तराचा थोडाच भाग खरवडते, एखादा पॉलिप (अस्तरावरची छोटी गाठ) चुकू शकतो, कधी नमुना अपुरा म्हणून परत बोलावतात. आणि यातल्या कुठल्याही तपासणीने लिंचवाल्यांचे मृत्यू घटतात असं अजून सिद्ध झालेलं नाही. मध्येच रक्त गेलं तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, हे दोन्हींना लागू.

सुईही नको, नळीही नको, नुसता स्वॅब घेऊन डीएनएवरच्या मिथाइल खुणा (कॅन्सरमध्ये बदलणाऱ्या रासायनिक खुणा) तपासायच्या, असं काम इंग्लंडमध्ये बरंच पुढे गेलंय. पण त्याचा मुख्य भर पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या बायकांवर आहे. तिशीतल्या, काहीच त्रास नसलेल्या माझ्यासारखीला आज त्यावर विसंबता येणार नाही.

वेदनेचीच धास्ती असेल तर एक सुचवते. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, आपल्याला दर एक-दोन वर्षांनी चुकत नाहीच. त्याच गुंगीत पिपेल उरकता येतं. पोटाचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एका सकाळी एका ठिकाणी आणायला मला नऊ फोन लागले, पण जमलं. अंडाशयांसाठी सोनोग्राफी मी अजून करते. फक्त जाडीचा आकडा आता वाचत नाही.