केमोच्या मळमळीवर अ‍ॅक्युपंक्चर: पाचपैकी साडेतीन तारे

कॅन्सरसाठीच्या लाल केमोच्या (औषधाचा रंगच लाल असतो) पहिल्या सायकलनंतर चार दिवस मी बादली उशाशी घेऊन झोपले. ओंडान्सेट्रॉनच्या गोळीने उलट्या थांबायच्या, पण मळमळ घशाशी ठाण मांडून बसायची. दुसऱ्या सायकलआधी डॉक्टरांना विचारलं, सुया टोचून घेऊ का? म्हणाल्या, "घ्या, पण आमच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि रक्तातल्या पेशी कमी झाल्या असतील तर सुई नको."

पहिल्या ठिकाणची फेरी वायाच गेली. तिथल्या गृहस्थांनी नेमका ऑपरेशनच्या बाजूचा हात ओढला. काखेतल्या गाठी काढल्यात, या हाताला सूज यायची भीती असते, हे मी सांगायचं! वर "गाठसुद्धा विरघळते" हेही ऐकवलं. चप्पल घातली आणि निघाले.

दुसरीकडच्या बाईंनी आधी सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट मागितला. न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) आणि प्लेटलेट्सच्या (रक्त गोठवणाऱ्या) आकड्यांवर बोट ठेवून वाचलं, मगच सुयांचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटं, दोन कंडरांच्या मधोमध. या बिंदूला चिनी भाषेत 'नेइगुआन' म्हणतात, तक्त्यावर पी-६. टोचताना मुंगी चावल्यासारखं झालं आणि मग आत एक जड, बोथट कळ. "हीच हवी," बाई म्हणाल्या. पंचवीस मिनिटं पडून राहायचं होतं. मी चक्क घोरले म्हणे.

त्या सायकलला गोळ्या त्याच होत्या, पण तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाचा वास सहन झाला. आधी दार लावून बसायचे. आता हे सुईमुळे, की अर्धा तास कुणीतरी शांतपणे माझ्याकडे बघितलं म्हणून, ते छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने १९९७ मध्येच केमोच्या मळमळ-उलटीसाठी अनुकूल मत दिलं होतं, एवढं खरं.

पुढे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध दर आठवड्याला सुरू झालं आणि बोटांना मुंग्या आल्या. सहा वेळा सुया घेतल्या. तरी ब्लाउजचं हुक काही लागेना. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही या त्रासासाठी अ‍ॅक्युपंक्चरची शिफारस नाही, हे मला नंतर कळलं. एक तारा तिथेच गेला. उरलेला अर्धा वेळेसाठी: केमोच्या दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त गरज, आणि तेव्हाच नंबर लागायचा नाही.

एकदा प्लेटलेट्स घसरल्या तर बाईंनी सुई लावायला साफ नकार दिला. त्याच बिंदूवर अंगठ्याने हलकेच दाबायला शिकवलं आणि त्या दिवसाचे पैसेही घेतले नाहीत. डे-केअरमध्ये सलाइन संपेपर्यंत मी तेच करत बसायचे. शेजारच्या खुर्चीतल्या काकूंनी एक दिवस न बोलता आपलं मनगट पुढे केलं.